बोलायला जमतंय, लिहायला बसलं की फ्रेंच पळून जातंय

पत्र आलंय कन्ना चौकातून, नाव छापू नका म्हणाली आहे म्हणून छापत नाही. थोडक्यात असं:

"ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टच्या ऑफिसात आहे. घरी तेलुगू, शाळा मराठी, फ्रेंच ऑनलाइन शिकले आणि बी-वन (मधली पातळी) पास झाले. फ्रान्स-बेल्जियमच्या गिऱ्हाइकांशी कॉलवर बऱ्यापैकी बोलते, बातम्या ऐकून कळतात. पण लिहायला बसले की डोकं बंद. ऑफिसचे मेल इंग्रजीत लिहून ट्रान्सलेटरमध्ये टाकते आणि तेच पाठवते, साहेब खूश आहेत पण मला माहीत आहे ते माझं नाही. आता डेल्फ (फ्रेंचची सरकारी प्रमाणपत्र परीक्षा) बी-टू, म्हणजे त्याच्या वरची पातळी, द्यायचंय. क्लासच्या मॅडम म्हणतात व्याकरण परत पहिल्यापासून कर. भाऊ म्हणतो झालं की कॅनडाला पण उपयोगी पडेल. दर आठवड्याला पुण्याला जाणं जमणार नाही. फ्रेंच कीबोर्ड विकत घेऊ का? सोबत घरून काम करण्यावर लिहिलेला एक परिच्छेद पाठवते, बघा आणि सांगा."

हे बघ, व्याकरण पहिल्यापासून अजिबात करू नको. मॅडमचा मान ठेवून सांगते, पण तुझा परिच्छेद वाचला ना, त्यात एकही चूक अशी नाही की जिचा नियम तुला माहीत नसेल. तीच वाक्यं गाळलेल्या जागा भरा म्हणून दिली असती तर तू पटापट बरोबर भरली असतीस, पैज लावते. लिहिताना काय होतं की सगळं लक्ष "काय म्हणायचंय" याच्यावर असतं, नियम मागच्या खोलीत झोपलेले असतात, आणि लिहून झालं की आपण एकदा वरून नजर फिरवतो आणि "झालं बाई एकदाचं" म्हणून वही मिटतो. बी-वन ते बी-टू मधली लिहिण्याची अडचण नेमकी इथे आहे, लिहून झाल्यानंतरच्या अर्ध्या तासात, आणि तो अर्धा तास तू आत्तापर्यंत कधी दिलेलाच नाहीस. त्याच्यावर खाली सविस्तर बोलते, आधी तुझा परिच्छेद घेऊ.

(आपल्या सदरात फ्रेंच पण देवनागरीतच लिहावं लागतं, उच्चारावरून ओळखून घे.)

तू कानाने शिकलीस, ते चांगलंच आहे, पण फ्रेंच कानाला जे ऐकवते त्याच्या दुप्पट कागदावर लिहून घेते. पार्ले म्हटलं की आपल्याला बिस्किट आठवतं, फ्रेंच माणसाला मात्र "ह्यातलं कुठलं?" असं विचारावं लागेल: बोलणे हे मूळ क्रियापद, बोललेलं हे भूतकाळाचं रूप, त्याचं स्त्रीलिंगी, त्याचं अनेकवचन, "तुम्ही बोलता", आणि बऱ्याच लोकांच्या तोंडी "मी बोलायचो" हे पण जवळजवळ तसंच. सगळी पार्ले, शेपट्या सगळ्यांच्या वेगळ्या. तू कॉलवर बोलतेस तेव्हा समोरच्याला शेपटी दिसत नाही म्हणून तुझं फ्रेंच छान वाटतं, आणि ते छान आहेच, पण मेलमध्ये शेपटी उघडी पडते. तू "जे त्राव्हाये" लिहिताना शेवटी ई-आर लावलंयस, म्हणजे "मी काम करणे केलं" असं काहीतरी झालं. ह्याला शाळेतली युक्ती आहे, फ्रेंच पोरं पण हीच वापरतात. त्या जागी "व्हांद्र" म्हणजे विकणे हे क्रियापद ठेवून बघायचं, त्याची दोन रूपं कानाला वेगळी लागतात. "जे व्हांद्र" बरोबर वाटतं की "जे व्हांद्यु"? व्हांद्यु वाटलं ना, मग त्राव्हायेच्या शेवटी ई-आर नको, तिरकी रेघ असलेला ई पाहिजे. एवढी एक गोष्ट केलीस तरी तुझ्या कागदावरचा लाल रंग बराच कमी होईल.

बाकीच्या चुका बघितल्या तर त्या फ्रेंचच्या कमी आणि इंग्रजीच्या जास्त आहेत. तू डोक्यात आधी इंग्रजी वाक्य बनवायलीस आणि मग ते उचलून फ्रेंचमध्ये ठेवायलीस, ट्रान्सलेटरची सवय लागल्यावर हे होतंच. "खरं म्हणजे" ला तू "आक्त्युएलमां" लिहिलंस, त्याचा अर्थ "सध्या". "शेवटी जाऊन" ला "एव्हांत्युएलमां" लिहिलंस, त्याचा अर्थ "जमलं तर, कदाचित". गिऱ्हाइकाला जर तू असं लिहिलंस की माल एव्हांत्युएलमां दहा तारखेला निघेल, तर तो घाबरून फोन करेल, त्याचं चूक नाही. नोकरीसाठी अर्ज करणे हे "आप्लिके" नाही, "पोस्त्युले". "सुपोर्ते" म्हणजे पाठिंबा देणे नाही, सहन करणे, आणि पाठिंब्याला "सुत्निर". असे जुळ्या भावासारखे दिसणारे शब्द जमतील तसे वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा, यादी पाठ वगैरे करू नको, जो आपल्याला फसवतो तेवढाच लिहायचा.

आता माझं म्हणणं ऐकून तुला आश्चर्य वाटेल पण फ्रेंच लिहिताना अडलीस तर इंग्रजीकडे नको, मराठीकडे बघ. मी उगाच अभिमानाने नाही म्हणत, त्याला कारण आहे. सोलापुरात २०२३ च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, विमानतळाच्या आड येते म्हणून, तू बघितलं असशीलच. आता बघ, "चिमणी पाडली", "बंगला पाडला", "घर पाडलं". पाडणारा कोण आहे याच्याशी क्रियापदाला काही देणंघेणं नाही, जी वस्तू पाडली तिच्यामागे ते चाललंय. इंग्रजीत असलं काही नाही, तुझ्या घरच्या तेलुगूत पण क्रियापद करणाऱ्याच्या मागे जातं, पण मराठीत आहे, आणि फ्रेंचमध्ये पण आहे, फक्त एका अटीवर. वस्तू क्रियापदाच्या आधी आली पाहिजे. "ओं ना देमोली ला शमिने" म्हटलं तर चिमणी नंतर आली, काही बदल नाही. "ला शमिने कोंना देमोली", म्हणजे जी चिमणी पाडली ती, असं म्हटलं की चिमणी आधी आली, शमिने स्त्रीलिंगी, म्हणून देमोलीच्या शेवटी एक मुका ई लागला. कानाला फरक शून्य. काही क्रियापदांत मात्र ऐकू पण येतो, "जे एक्री ला लेत्र" पण "ला लेत्र क जे एक्रीत", मी लिहिलेली चिठ्ठी. क्लासमध्ये हा नियम सगळ्यात अवघड म्हणून शिकवतात आणि मराठी पोरं तो घाबरत घाबरत पाठ करतात, अरे आपण हे दोन वर्षांचे असल्यापासून करतोय की, "आईने पोळी दिली, लाडू दिला". फक्त फ्रेंचमध्ये वस्तू पुढे आली का मागे राहिली एवढं बघायचं.

जुना काळ पण तसाच. फ्रेंचचे दोन भूतकाळ, पासे कोंपोझे का अँपार्फे, हा प्रश्न इंग्रजीतून सोडवायला गेलीस की गोंधळ, कारण तिथे एकच साधा भूतकाळ दोन्ही कामं करतो. मराठीत विचार: "आम्ही उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो" हे झोपायचो, "पाऊस पडत होता" हे पडत होता, दोन्ही अँपार्फे. "लाइट गेली", "पाहुणे आले", म्हणजे एकदा झालं आणि संपलं, पासे कोंपोझे. शंभर टक्के जुळतं असं नाही पण दहातल्या आठ-नऊ वेळा वाक्य मराठीत म्हणून बघितलं की उत्तर मिळतं.

पण मराठी दोन ठिकाणी फसवते, आणि तू दोन्ही ठिकाणी फसलीयस. एक "तर". आपण म्हणतो "वेळ असता तर मी आले असते", दोन्हीकडे असता-असते, सारखंच रूप. म्हणून तू "सि जोरे" लिहिलंस. फ्रेंचमध्ये सि, म्हणजे जर, ज्या बाजूला आहे त्या बाजूला कोंदिस्योनेल (रे ने संपणारं "असते-केलं असतं" वालं रूप) येत नाही, "सि जावे प्लु द तां", मग दुसऱ्या बाजूला हवं तर कोंदिस्योनेल. त्यांच्या शाळेत ह्याच्यावर एक छोटं यमक शिकवतात की सि ला रे आवडत नाही, "ले सि नेम पा ले रे", ते लक्षात ठेव. दुसरं म्हणजे आपला "ला". "मी तिला बघितलं" आणि "मी तिला सांगितलं", मराठीत दोन्हीकडे तिला. फ्रेंचमध्ये बघितलं ला साधं "ल" किंवा "ला", सांगितलं ला "लुइ". तू वाट बघण्याला "ज लुइ आतां" लिहिलंस, ते "ज लातां" पाहिजे, कारण आतांद्र ह्या क्रियापदाला मध्ये आ (आपल्या "ला" सारखा छोटा शब्द) लागत नाही. मदत करणे, आभार मानणे, ऐकणे, शोधणे ही पण तशीच, आ शिवायची. फोन करणे, उत्तर देणे, विचारणे, आवडणे (म्हणजे प्लेर, एमे नाही) ही आ वाली, त्यांना लुइ. ह्याला युक्ती नाही, क्रियापद वहीत लिहितानाच त्याच्याबरोबर आ लागतो की नाही ते लिहायचं, नुसतं क्रियापद लिहून ठेवलं तर अर्धीच माहिती ठेवली.

आर्टिकलचं पण आपलं दुखणं आहे कारण आपल्याकडे ते नाहीच. "मला शांतता आवडते" ला तू "जेम दु सिलांस" लिहिलंस. आवडनिवड सांगताना सगळी शांतता, एकंदर चहा, असा अर्थ असतो म्हणून "ल सिलांस", "ल ते". चहा पिताना सगळ्या जगाचा चहा पीत नाही, थोडा पितो, तिथे "दु ते". बास, एवढंच.

आता तो अर्धा तास. बहुतेक लोक काय करतात, आज एक विषय लिहितात, कोणाकडून तरी तपासून घेतात, लाल खुणा बघून "हां हां बरोबर" म्हणतात, उद्या नवीन विषय. मग सहा महिने तीच चूक वेगवेगळ्या विषयांत. तू असं कर, नवीन विषय कमी घे आणि तोच परिच्छेद परत लिही. म्हणजे सोमवारी दीडशे शब्द लिहिले, मंगळवारी तपासून आले, लाल खुणा नीट बघितल्या, आणि मग गुरुवारी तो कागद उलटा ठेवून तेच परत कोऱ्या कागदावर लिहायचं, पाठ करून नाही, परत विचार करून. मग दोन्ही शेजारी ठेवायचे. दुसऱ्या वेळेला पण जी चूक परत आली ती तुझी खरी चूक, बाकीच्या घाईच्या. खऱ्या चुका प्रत्येकाच्या चार-पाचच असतात, जास्त नसतात, आणि वहीत फक्त त्यांनाच जागा द्यायची. हे कंटाळवाणं आहे, मान्य, म्हणूनच कोणी करत नाही.

आणि तपासायला देण्याआधी स्वतः तपासायचं, पण सगळं एकदम नाही. एकदा फक्त क्रियापदांवर बोट ठेवत जायचं, कर्ता कोण, काळ कुठला, शेपटी बरोबर का. मग परत वरून फक्त नाम आणि त्याचं विशेषण, लिंग जुळलं का, अनेकवचनाला एस लागला का. मग शेवटी बारीक गोष्टी, आ वर रेघ पाहिजे का नको, "उ" म्हणजे किंवा का "उ" म्हणजे कुठे, "से" आणि "से" (ह्याचे तर किती प्रकार). काही जण शेवटच्या वाक्यापासून वर वाचत जातात, मला ते आवडतं कारण उलटं वाचलं की अर्थात अडकायला होत नाही, नुसती अक्षरं दिसतात.

तपासणार कोण, हा सोलापुरातला खरा प्रश्न आहे. पुण्याला आलियांस फ्रांसेज आहे, हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं पण दर आठवड्याला नोकरी सांभाळून ते कोण करेल, तू नाही म्हणालीस ते बरोबरच आहे. ऑनलाइन क्लास आहेत, महिन्यातून दोनदा फक्त लेखन तपासून देणारा शिक्षक मिळाला तरी पुरे, पूर्ण कोर्स घ्यायची गरज नाही, तसं स्पष्ट विचार. लँगकरेक्ट नावाची साइट आहे, तिथे आपण फ्रेंच लिहायचं आणि फ्रेंच लोक तपासतात, त्याबदल्यात आपल्याला येणाऱ्या भाषेतलं कोणाचं तरी आपण तपासायचं. फुकट आहे, पण तपासणारा कधी नुसतं बदलून टाकतो, कारण सांगत नाही, ते कारण आपण शोधायचं.

चॅटबॉट पण वापर की, त्यात लपवायचं काय. पण त्याला "हे दुरुस्त करून दे" म्हणू नको. म्हटलंस तर तो तुझा परिच्छेद इतका गुळगुळीत करून देतो की त्यात तूच उरत नाहीस, आणि वाचून वाटतं अरे वा आपल्याला येतंय. त्याच्याऐवजी असं सांग: चुका असलेल्या शब्दांखाली रेघ मार, दुरुस्ती देऊ नको, फक्त चुकीचा प्रकार सांग. मग तू दुरुस्त कर आणि परत दाखव. कधी कधी तो बरोबर गोष्टीला पण चूक म्हणतो, शंका आली की फ्रेंच शब्दकोशात बघ, ल रोबेर ऑनलाइन फुकट दिसतो. आणि ऑफिसचा ट्रान्सलेटर एकदम बंद करू नको, पोटाचा प्रश्न आहे, पण क्रम उलटा कर, आधी तू फ्रेंच लिही, मग ते मशीनकडून इंग्रजीत करून बघ, तुला म्हणायचं होतं ते आलं का. नाही आलं तर कुठेतरी गडबड आहे.

तुझ्याकडे एक खजिना आहे तो तू बघतच नाहीयेस, गिऱ्हाइकांचे मेल. फ्रेंच माणसाने कामासाठी लिहिलेलं खरं फ्रेंच, रोज इनबॉक्समध्ये. ते सॅम्पल कसं मागतात ते बघ, "पुरिए व्हू नू फेर पार्व्हनिर", आम्हाला पाठवू शकाल का, त्यातलं कोंदिस्योनेल नम्रपणासाठी आहे. उत्तराची वाट बघतो हे कसं म्हणतात, "दां लातांत द व्होत्र रतूर". सॅम्पलला एशांतियों, कोटेशनला दव्ही, डिलिव्हरीच्या मुदतीला देले द लिव्हरेझों, बाथ टॉवेलला द्रा द बँ, जीएसएम (कापडाचं वजन) ला ग्रामाज. मेलमधून अशी अख्खी वाक्यं उचलून वहीत ठेव, सुटे शब्द नको. फॉर्मल पत्राचा शेवट जो असतो ना, "ज व्हू प्री दाग्रेए, मादाम, मस्यू" आणि पुढचं लांबलचक, त्याचा शब्दशः अर्थ लावत बसू नको, आपण स.न.वि.वि. लिहितो तेव्हा कोण अर्थ लावतं, आख्खं पाठ करून टाक. रोजच्या मेलला मात्र एवढं नको, कोर्दियालमां पुरतं, उगाच दाग्रेए लावलं तर बुवा प्रवचनाला बसल्यासारखं वाटतं.

विषय कुठले घ्यायचे, तर सोलापूरचेच घे, पॅरिसचं प्रदूषण वगैरे नको. तुला त्याच्याबद्दल मतच नाही तर वाद कसा घालणार. बी-टू मध्ये तुझं मत मागतात, एखाद्या अधिकाऱ्याला पत्र किंवा एखाद्या मुद्द्यावर लेख, बाजू घेऊन आणि कारणं देऊन. चिमणीचाच विषय घे, एका बाजूला विमानसेवा, दुसऱ्या बाजूला कारखाना आणि ऊस घालणारे शेतकरी, इथे प्रत्येक घरात ह्याच्यावर भांडण झालेलं आहे, मुद्दे शोधायला लागणारच नाहीत. गल्लीत नळाला पाणी कधी येतं त्याच्यावर महापौरांना पत्र लिही. गोष्ट सांगायचा सराव पाहिजे तर डॉक्टर कोटणीसांवर एक पान लिही. १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथेच राहिले, १९४२ साली तिथेच वारले. बघ, जन्मणे, जाणे, राहणे, मरणे, चारही क्रियापदं एत्र वाली, म्हणजे भूतकाळात एत्र (असणे) बरोबर घेणारी, न मागता सराव झाला. मग तेच पान एखादी डॉक्टरीण होती असं समजून परत लिही, प्रत्येकाला ई लागेल, आणि त्यातला फक्त मोर चा मोर्त झालेला ऐकू येईल, ने, पार्ती, रेस्ते तसेच ऐकू येतील. कानाने शिकलेल्या माणसाला ह्याच्याइतका चांगला व्यायाम मला माहीत नाही.

जोडशब्दांबद्दल थोडं. तुझ्या परिच्छेदात प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला एक जोडशब्द आहे, बहुतेक क्लासमध्ये यादी दिलेली असणार. त्याने वजन येत नाही, उलट परीक्षकाला कळतं की यादी पाठ आहे. आणि आंनेफे तू "पण खरं तर" म्हणून वापरलाय, तो उलटा आहे, मागच्या वाक्याला "हो, आणि त्याचं कारण असं" म्हणून दुजोरा देतो. स्पांदां आणि पुर्तां दोन्ही "पण" चे, पुर्तां मध्ये जरा "तरीसुद्धा, नवलच की" असं आहे. बियँ क (जरी) वापरलास तर पुढे क्रियापदाचं सुब्जोंक्तिफ रूप पाहिजे, "बियँ क ल व्हॉल स्वा शेर", तिकीट महाग असलं तरी. असं एखादं वाक्य परिच्छेदात नीट बसलं तर पुरे. (माझी स्वतःची वाक्यं किती लांब जातात ते तू बघायलीस, फ्रेंचमध्ये असं करू नको, तिथे दोन ओळींत पूर्णविराम दे.)

कानाचा सराव सोडू नको फक्त त्याला पेन जोड. आरएफआय रेडिओचा सोप्या फ्रेंचमधला दहा मिनिटांचा बातम्यांचा कार्यक्रम असतो, त्याचा लिहिलेला मजकूर साइटवर मिळतो. चार-पाच वाक्यं ऐकून लिहून काढायची, मग मजकुराशी ताडून बघायची. शेपट्या कुठे सुटतात ते तिथेच दिसतं. जास्त करू नको, हात दुखतो आणि मग माणूस सोडून देतो.

परीक्षेचं सांगते. डेल्फ बी-टू च्या लेखनाला एक तास, एकच विषय, कमीत कमी २५० शब्द, पंचवीस मार्क. एकूण शंभरपैकी पन्नास पाहिजेत आणि चारही भागांत प्रत्येकी निदान पाच, नाहीतर एकूण कितीही पडले तरी नापास. शब्द मोजताना दोन मोकळ्या जागांमधलं सगळं एक शब्द धरतात, म्हणजे से-ता-दीर हा एकच. मार्क नुसते व्याकरणाला नाहीत, विचारलं ते लिहिलं का, मुद्दे एकातून एक निघतात का, पत्र असेल तर पत्रासारखं आहे का हे पण बघतात, म्हणून दहा मिनिटं आराखडा, पस्तीसेक मिनिटं लिहिणं, आणि उरलेली पंधरा मिनिटं फक्त वर सांगितलेलं बोट ठेवून तपासणं. आराखडा फ्रेंचमध्येच कर, सुटे शब्द चालतील, इंग्रजीत केलास की परत तेच. आणि आत्तापासून घड्याळ लावू नको, आधी महिना-दीड महिना निवांत लिही.

भावाला सांग कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीला (तिथे कायमचं राहायला जायची अर्जाची पद्धत) डेल्फ चालत नाही. त्याला टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची वेगळी परीक्षा लागते, निकाल दोन वर्षंच चालतो, डेल्फ मात्र आयुष्यभराचं. टीसीएफ कॅनडाच्या लेखनात साठ मिनिटांत तीन तुकडे असतात, पहिला साठ ते एकशेवीस शब्दांचा, म्हणजे दम वेगळा लागतो, लांब वाद घालायला वेळ नसतो. खरंच जायचं ठरलं तर तेव्हा बघ, दोन्हीची तयारी एकदम करू नको.

कीबोर्ड विकत घेऊ नको, पैसे वाचव. त्यांच्या कीबोर्डवर ए आणि क्यू, झेड आणि डब्ल्यू च्या जागा बदललेल्या असतात, ऑफिसात बिलं टाइप करताना डोकं फिरेल. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल हा लेआउट टाक, मग अपॉस्ट्रॉफी दाबून ई दाबलं की तिरकी रेघ येते, अपॉस्ट्रॉफी आणि सी दाबलं की शेपटीवाला सी, आकड्यांच्या डाव्या बाजूची उलटी रेघ आणि ए दाबलं की आ वरची रेघ. नुसता अपॉस्ट्रॉफी पाहिजे असेल तर तो दाबून स्पेस. फोनवर अक्षर दाबून धरलं की सगळे पर्याय येतात. आणि प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, कोलन (विसर्गासारखी दोन टिंबं) यांच्या आधी फ्रान्समध्ये एक जागा सोडतात, युरोची खूण आकड्याच्या नंतर टाकतात, पैशांच्या आधी स्वल्पविराम देतात, कोटेशन टाइप करताना तेवढं बघ. परीक्षेसाठी मात्र घरी पेनानेच लिही, कागदावर हात बसला पाहिजे, तिथे रेघा आपोआप येत नाहीत.